जुना डेस्कटॉप रखडतो, अडकतो, मध्येच बंद पडतो: नवीन घेण्याआधी काय तपासायचं आणि काय बसवायचं

आमच्या भागातल्या घरांमधले डेस्कटॉप बहुतेक २०१० ते २०१६ या काळातले. कुणी एमएस-सीआयटी झाल्यावर घेतला, कुणी टायपिंगच्या सरावासाठी, कुणी दुकान बंद केल्यावर तिथला घरी आणला. आत पेंटियम ड्युअल कोअर, कोअर टू ड्युओ नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३, २ किंवा ४ जीबी रॅम आणि ३२० किंवा ५०० जीबीची हार्ड डिस्क. तक्रार ठरलेली: "भाऊ, लय हँग मारते. रॅम टाकून द्या ना." माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ मशीनांना रॅमची गरजच नसते, आणि असली तरी तिचा नंबर दुसरा किंवा तिसरा लागतो. पैसे चुकीच्या जागी गेले की मशीन तसंच रखडत राहतं आणि माणूस म्हणतो, जुन्यात काही राम नाही. म्हणून आधी फुकटची तपासणी, मग दहा-वीस रुपयांची, मग खरेदी.

लक्षणं

नुसतं "हँग होते" यावरून काही कळत नाही. कधी होते, चालू केल्यावर किती वेळाने, कोणत्या दिवसांत, ते पाहून ठेवा.

– डेस्कटॉप दिसतो, पण काही उघडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सारखा पेटलेला.
– एक टॅब उघडा असेल तर ठीक, तिसरा-चौथा उघडला की माउससुद्धा अडकतो.
– एप्रिल-मेमध्ये दुपारी आपोआप बंद पडतो, रात्री किंवा पहाटे बरा चालतो.
– तारीख-वेळ मागे जाते. ब्राउझर चांगल्या चांगल्या साइटला "सुरक्षित नाही" म्हणतो.
– बटण दाबलं की पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. कधी लांब बीप, कधी काहीच नाही.
– शेजारी मोटर सुरू झाली की रीस्टार्ट होतो.
– आतून टक-टक आवाज येतो. हे शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही करू नका. मशीन बंद करा आणि थेट हार्ड डिस्कच्या भागाकडे या.

फुकटची तपासणी: टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. मशीन चालू होऊन दहा मिनिटं झाल्यावर पाहा, लगेच नाही. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन आकड्यांपैकी कोणता टोकाला चिकटलाय? विंडोज ७ असेल तर तिथूनच रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कचा आकडा त्यात दिसतो.

डिस्क १०० टक्के आणि मेमरी पन्नास-साठ टक्के असेल तर अडथळा डिस्कचा आहे. रॅम घालून काडीचा फरक पडणार नाही. मेमरी ८५-९०च्या वर आणि डिस्कही १०० असेल तर मात्र मूळ दुखणं रॅमचं. रॅम कमी पडली की विंडोज न मावणारा भाग डिस्कवर लिहीत आणि परत वाचत बसतं, त्यामुळे रॅमचा दोष डिस्कचा असल्यासारखा दिसतो. हा फरक न पाहता खरेदी करणारे सर्वांत जास्त फसतात. डिस्क १०० टक्के, पण वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीसुद्धा नाही, असं सारखं दिसत असेल तर डिस्क आजारी असण्याचा संशय घ्या. सीपीयू एकटाच १०० असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते त्याच यादीत दिसतं. बऱ्याचदा दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या मानगुटीवर बसलेले असतात. एक काढून टाका.

गावाकडची एक खास भानगड इथे सांगतो. आपल्याकडे डेस्कटॉप रोज उघडत नाहीत. फॉर्म भरायचा असला की पंधरा दिवसांनी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून उघडतात. त्या क्षणी पंधरा दिवसांचे तुंबलेले विंडोज अपडेट, अँटीव्हायरसचे अपडेट आणि क्रोमचे अपडेट एकदम सुरू होतात. डिस्क, सीपीयू आणि तुमचा दिवसाचा डेटा, तिन्ही त्यातच जातात. मालक वैतागून तासाभरात मशीन बंद करतो आणि अपडेट अर्धवट राहतं. पुढच्या खेपेला परत तेच. उपाय दोन. विंडोज १०मध्ये हॉटस्पॉटच्या जोडणीला "मीटर्ड कनेक्शन" करा, म्हणजे मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. आणि महिन्यातून एकदा, घाई नसताना, रात्री चालू ठेवून सगळे अपडेट पूर्ण होऊ द्या. एवढ्यावर बऱ्या झालेल्या मशीनमध्ये मी काहीही घातलेलं नाही.

सी ड्राइव्ह गच्च भरलेली असेल तर लग्नाचे व्हिडिओ डी ड्राइव्हमध्ये हलवा आणि दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागातून नको ते बंद करा. विंडोज ७मध्ये हे काम "एमएसकॉन्फिग"मधून होतं.

लाईन, बोर्ड आणि यूपीएस

मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीकडे बघा. कूलर, पंखा आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर कॉम्प्युटर वेगळ्या पॉइंटवर लावून दोन दिवस पाहा. बोर्डातली सैल पिन हेच कारण अनेकदा निघतं. यूपीएस असेल तर तो चालू ठेवून भिंतीचं बटण बंद करा. मशीन त्याच क्षणी पडलं तर आतली १२ व्होल्टची बॅटरी गेली आहे. या बॅटऱ्या आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांच्या पुढे क्वचित टिकतात. बॅटरी बदलली की यूपीएस पुन्हा कामाचा होतो, नवीन घ्यायची गरज नसते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? घरात अर्थिंग नाही किंवा तुटलंय. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून होणारी विजेची बारीक गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. वाट नसली की ती पत्र्यावर बसते. नुसती झिणझिणी जीवघेणी नसते, पण त्याच घरात खरा शॉर्ट झाला तर वाचवणारं काहीच नाही. वायरमन बोलवा आणि अर्थिंग करून घ्या. हे काम कॉम्प्युटरवाल्याचं नाही.

आणखी एक. बल्ब मध्येच भडक उजळतात, पंखा जोरात पळतो, मग सगळं मंद होतं, असं दिसलं तर डीपीवरचा किंवा घराकडे येणारा न्यूट्रल सुटत असतो. अशा वेळी सिंगल फेजच्या घरात २३०ऐवजी ३०० व्होल्टच्या वरही जाऊ शकतं. सगळं बंद करून लाईनमनला कळवा. तोवर एकही पार्ट विकत घेऊ नका. लावाल तो जळेल. जुन्या पॉवर सप्लायच्या मागे ११५/२३० असा लाल खटका असेल तर तो २३०वरच असू द्या. पोरांनी खेळता खेळता तो ११५वर केला की पुढचं बटण शेवटचं ठरतं.

नाण्याएवढा सेल

तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल संपलाय. घड्याळवाल्याकडे, जनरल स्टोअरमध्येही मिळतो, पन्नास रुपयांच्या आत. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं दिसतं, म्हणून बँकेची किंवा शिष्यवृत्तीची साइट उघडत नाही आणि लोक नेटला शिव्या देतात. सेल बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा, बोर्डावरचा सेटिंगचा प्रोग्रॅम) जाऊन तारीख लावा. जुन्या सेलने बायोसच्या इतर सेटिंगही विसरलेल्या असू शकतात. सेल बदलल्यावर विंडोज निळा पडदा दाखवायला लागलं तर बायोसमध्ये साटाचा (डिस्क बोर्डाला जोडण्याच्या पद्धतीचा) मोड बदललाय का ते पाहा. तो पूर्वीसारखा केला की चालू होतं.

धूळ आणि कापूस

दुपारी बंद पडणाऱ्या मशीनचं कारण दहात नऊदा इथे सापडतं. वेचणीपासून भाव येईपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच असतो, कधी त्याच खोलीत. त्याचा बारीक तंतू प्रोसेसरच्या पंख्यातून आत ओढला जातो आणि खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसवतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा पात्यांपर्यंत पोचत नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे हळू चालतो. तरी तापत राहिला की मशीन बंद करतो. म्हणजे "हळू चालते" आणि "बंद पडते" ही एकाच आजाराची दोन रूपं असू शकतात. कोअर टेम्पसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तापमान पाहा. नुसतं चालू असताना ४० ते ५५ अंश, कामात असताना ८०च्या आत ठीक. ९०च्या वर गेलं तर आधी सफाई, मग बाकी गोष्टी. नवतप्यात खोलीच ४५ला टेकते, तेव्हा पाच-सात अंश जास्त धरा.

सफाईची रीत: प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. आपल्या कोरड्या हवेत हे खरंच करा, विशेषतः हिवाळ्यात आणि अंगावर टेरिकॉटचा शर्ट असेल तर. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मऊ ब्रशने धूळ सोडवा, हाताच्या ब्लोअरने उडवा. पात्यांमधला कापसाचा थर चिमट्याने ओढून काढा, तो सलग निघतो.

पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका. तिच्या टाकीत पाणी साठलेलं असतं आणि तिचा दाब छोटे भाग उडवतो. ओला कपडा नाही. आणि कॉम्प्युटरला थंड वाटावं म्हणून कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलरच्या हवेतून खाऱ्या पाण्याचे कण येतात, बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका; दोन उन्हाळ्यांत रॅमचे आणि कार्डांचे संपर्क काळे पडतात. कूलर खोलीत असू द्या, झोत दुसरीकडे वळवा.

थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला, उष्णता पुढे नेणारा लेप) वाळून खडू झाली असेल तर नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खिळ्या असतात. बाणाच्या दिशेने फिरवून सोडवायच्या आणि बसवताना समोरासमोरच्या दोन-दोन दाबायच्या. खूप जुन्या खिळ्या तुटतात; एक जरी तुटली तर कूलर तिरपा बसतो आणि मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. एएमडीचा जुना प्रोसेसर असेल तर आधी मशीन थोडं तापू द्या, बंद करा, मग कूलर हळूच डावी-उजवीकडे पिळा. सरळ उपसला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. हात थरथरत असेल तर पेस्टचं काम दुकानदाराला द्या, सफाई मात्र स्वतः करा.

रॅम काढून, पुसून, परत

काळी स्क्रीन आणि लांब बीप म्हणजे बहुतेक वेळा रॅमचा संपर्क. दोन्ही टोकांच्या चापा उघडा, पट्टी काढा, सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलका घासा, कण झटका, परत "कट" आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. एक पट्टी किंवा एक खाच खराब असेल तर लगेच कळतं. सॅंडपेपर वापरणारेही पाहिलेत मी. त्याने वरचा मुलामाच जातो.

हार्ड डिस्क: इथे घाई नको

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवा. निळं किंवा हिरवं "गुड" असेल तर पुढे जा. पिवळं "कॉशन" असेल आणि ०५, सी५, सी६ या ओळींमध्ये शून्याऐवजी आकडे दिसत असतील तर डिस्कच्या चकतीचा काही भाग मेलाय किंवा मरतोय. त्यातही सी५ वाढत असेल तर आजच डेटा काढा. फक्त सी७ची ओळ वाढत असेल तर डिस्क चांगली असू शकते, साटा केबल बदलून पाहा. ती अगदी स्वस्त असते.

डेटा म्हणजे नुसते फोटो नव्हेत. डेस्कटॉपवरच्या फाइली, डाउनलोडमधले सातबारे आणि जातीचे दाखले, ब्राउझरमधले पासवर्ड, दुकान असेल तर टॅलीचं फोल्डर, आणि कृतिदेवचे फॉन्ट. फॉन्ट हमखास विसरतात, मग नव्या विंडोजमध्ये जुनी मराठी फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

टक-टक आवाज येत असेल तर इथेच थांबा. डिस्क तपासणीचा कोणताही प्रोग्रॅम चालवू नका, परत परत चालू करून बघू नका. आतलं डोकं चकतीला घासत असेल तर दर वेळी डेटा खरवडला जातो. डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणत्याकडेच जायचं, आणि ते काम महाग असतं. डेटा महत्त्वाचा नसेल तर ती डिस्क काढून टाका आणि खाली वाचा.

आता खरेदी: आधी एसएसडी

वरचं सगळं करून मशीन ठीक चालत असेल तर पैसे खिशात ठेवा. नसेल तर ४ जीबी रॅमच्या मशीनला माझा पहिला सल्ला २४० किंवा २५६ जीबीची, अडीच इंची, साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. भाव लिहीत नाही, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत आणि महिन्यागणिक हलतात. तालुक्याच्या दुकानात आणि ऑनलाइन, दोन्हीकडे विचारा.

कारण साधं आहे. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली डिस्कवर इकडेतिकडे पसरलेल्या असतात. फिरत्या चकतीच्या डिस्कला प्रत्येक तुकडा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१च्या आसपास. म्हणून प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी दहा मिनिटांचं सुरू होणं मिनिटाच्या आत येतं. "आमचा बोर्ड जुना, त्यात एसएसडीचा वेग मिळतो का?" असं विचारतात. एच६१ बोर्डावर (दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३सोबत येणारा) साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिट आहे, ६ नाही. म्हणजे सेकंदाला अडीचशे एमबीच्या थोडं पुढे जाईल. जुनी हार्ड डिस्क शंभरच्या आसपास असते. पण खरा फायदा या आकड्यात नाही, शोधण्याच्या वेळात आहे, आणि तो जुन्या बोर्डावरही पूर्ण मिळतो.

बसवताना:

एम.२ किंवा एनव्हीएमई लिहिलेली पातळ पट्टी घेऊ नका. तुमच्या बोर्डावर तिची जागा नाही, आणि कार्डात घालून लावली तरी इतके जुने बायोस तिच्यावरून विंडोज सुरू करत नाहीत. सोबत एक साटा केबल घ्या. जुन्या पॉवर सप्लायला साटाचं टोक कमी असेल तर चार पिनांवरून साटा करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंचाच्या खणात बसत नाही, त्यासाठी ब्रॅकेट विकतात. नाही घेतला तरी चालतं. आत फिरणारं काही नाही, एका स्क्रूवर किंवा दोन्ही बाजूंच्या चिकटपट्टीवर ती वर्षानुवर्षे राहते.

विंडोज नव्याने टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (नवा मोड) करा. जी४१ बोर्डावर (कोअर टू ड्युओच्या काळातला) हा पर्याय सापडणार नाही, शोधत बसू नका. आयडीई या जुन्या मोडमध्येही एसएसडी चालते. जुनी डिस्क निरोगी असेल तर क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला या फुकट प्रोग्रॅमने नक्कल करता येते, पण एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल तर आधी जुन्या डिस्कवरचे ड्राइव्ह तिच्यात मावतील इतके लहान करावे लागतात, आणि माझं मत नव्याने टाकण्याच्या बाजूने आहे. आठ वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? जुनी हार्ड डिस्क, निरोगी असेल तरच, डी ड्राइव्ह म्हणून आत राहू द्या.

एसएसडी मरते तेव्हा टक-टक करून सांगत नाही, एके दिवशी दिसेनाशी होते. महत्त्वाचं ते पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलमध्ये दुसरीकडे हवंच. आणि काहीशे रुपयांत २ टीबी अशी जाहिरात दिसली तर ती खोटी समजा. आत छोटी चिप असते, आकडा खोटा दाखवतात, भरत गेलं की जुन्या फाइली नासतात.

मग रॅम

२ जीबी असेल तर मात्र रॅम आधी किंवा एसएसडीच्या सोबतच. घेण्याआधी सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम उघडा. मेमरीच्या पानावर डीडीआर२, ३ की ४ ते दिसतं, एसपीडीच्या पानावर कोणत्या खाचेत किती जीबीची पट्टी आहे ते. या तिन्ही जातींची खाच वेगळ्या जागी असते, एकमेकांत बसत नाहीत; जोर लावून बसवायला गेलात तर बोर्ड जाईल. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही चालत नाही.

विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते "सिस्टिम" मध्ये पाहा. ३२ बिटमध्ये ४ जीबी घातली तरी सव्वातीन-साडेतीनच वापरली जाते. ८ घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी ६४ बिट टाका, आणि त्याआधी तुमच्या प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते बघा.

एच६१ बोर्डाला बहुधा दोन खाचा, कमाल १६ जीबी. घरकामाला ४ अधिक ४ अशी ८ जीबी भरपूर. जी४१ बोर्डाचा मामला किचकट आहे. त्याला कमाल ८ जीबी चालते, पण पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा असलेली जुन्या घडणीची ४ जीबीची पट्टी लागते. आठच चिपा असलेली नवी पट्टी घातली की तो बीप देतो नाहीतर अर्धीच मोजतो. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडी बोर्डावर चालतात, वर्णनात ते शेवटी बारीक अक्षरात असतं. म्हणून जी४१वाल्यांनी मशीन घेऊनच दुकानात जावं आणि लावून, चालवून पाहिल्यावरच पैसे द्यावेत. वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा झिजत नाही. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, एक जरी लाल ओळ आली तर परत करा.

डीडीआर२चं मशीन असेल तर त्यात रॅमसाठी पैसे घालू नका, असं मी सरळ सांगतो. जुन्या पट्ट्या कुणाकडे पडून असतील तर मागून घ्या.

बाकीचं, थोडक्यात

वायफायसाठी यूएसबी डोंगल पुरतो, आणि मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं तर तोही लागत नाही. फोन चार्जही होतो. पेन ड्राइव्हला वेग हवा असेल तर यूएसबी ३चं कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या खाचेत बसतं, पण घरात त्याची गरज क्वचितच. ग्राफिक कार्ड घ्यायचं तेव्हाच, जेव्हा बोर्डावरचं डिस्प्लेचं तोंड मेलंय. तेव्हाही जीटी ७१०सारखं वेगळी पॉवर न लागणारं. यूट्यूब अडकतं म्हणून कार्ड घेऊ नका. जुन्या चिपांना यूट्यूबच्या व्हिडिओचा नवा व्हीपी९ प्रकार स्वतः उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो, यूट्यूबला एच.२६४ हा जुना प्रकारच पाठवायला लावणारं फुकट एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाका, निम्मा त्रास जातो.

प्रोसेसर बदलायचा मोह एच६१वाल्यांना होतो, कारण वापरलेला आय५ स्वस्तात मिळतो. आय३वरून आय५-२४०० किंवा ३४७० फरक पाडतो हे खरं. पण तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला बायोस अपडेट लागू शकतं, आणि अपडेट चालू असताना लाईन गेली तर बोर्ड मेला. आमच्याकडे लाईन कधी जाईल याची खात्री कोण देतो? चालता यूपीएस नसेल तर हा विषय सोडा. एसएसडी आणि ८ जीबी झाल्यावरही गरज वाटली तरच बोलू.

पॉवर सप्लाय

बटण दाबल्यावर कधी चालू होतं, कधी नाही, किंवा काम जड झालं की बंद पडतं, आणि धूळ-तापमान ठीक आहे, तर पॉवर सप्लायवर संशय. बोर्डावरचे गोल कपॅसिटर (छोट्या उभ्या डब्यांसारखे भाग) वरून फुगलेत का तेही पाहा; वरचा भाग सपाट हवा. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात. दुकानात दुसरा लावून पाहायला सांगा. विकत घेताना डब्यावरच्या "४५० वॉट" वर जाऊ नका. हातात घेऊन वजन पाहा, ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचं) चिन्ह पाहा. हलका पोकळ डबा आपल्या व्होल्टेजमध्ये टिकत नाही आणि जाताना बोर्ड घेऊन जातो.

विंडोजचं काय

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपली ही मशीनं बसत नाहीत. जुगाड करून टाकणारे आहेत, मी घरच्या बँकेच्या कामासाठी तो सल्ला देत नाही. अभ्यास, यूट्यूब, फॉर्म एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम या मशीनवर चांगली चालते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा: प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि तुमची मराठी टायपिंगची पद्धत. जुने कॅननचे छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. टायपिंगच्या सरकारी परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलांनी विंडोजवरच राहावं.

थांबायचं कुठे

जळका वास आला, ठिणगी दिसली, वीज पडल्यानंतर मशीन मेलं, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, पॉवर सप्लाय आणि रॅम बदलूनही काळी स्क्रीन, सॉकेटच्या पिना वाकल्या, किंवा डिस्क टक-टक करते आणि आत एकुलता एक डेटा आहे: यातलं काही असेल तर घरी हात लावणं थांबवा. बोर्डाचं चिप पातळीवरचं काम तालुक्याला क्वचित होतं, अमरावती-नागपूरला पाठवतात, आणि दहा-बारा वर्षांच्या बोर्डावर ते सहसा परवडत नाही. दुकानात मशीन देताना रॅम, डिस्क आणि प्रोसेसरचे फोटो काढून ठेवा, पावतीवर रॅम किती जीबी ते लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा. चांगला दुकानदार त्याने रागावत नाही.

एकूण खर्चाचा आकडा वापरलेल्या ऑफिसच्या मशीनच्या निम्म्यापुढे चालला की मी हात वर करतो. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांतून निघालेली सहाव्या पिढीपासूनची आय५ मशीनं सर्रास मिळतात. विंडोज ११ अधिकृतपणे हवं असेल तर आठवी पिढी बघा. त्यांतल्या पुष्कळ ब्रँडेड मशीनांचा पॉवर सप्लाय वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या टोकांचा असतो, साधा बसत नाही, म्हणून तो चालता आहे याची हमी लेखी घ्या. जुन्या मशीनमधली डीडीआर३ रॅम त्यात बहुधा जाणार नाही. पण साटा एसएसडी जशीच्या तशी जाते, फक्त विंडोज नव्याने टाकावं लागतं. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर देण्याआधी ती काढून घ्या.